व्हाँतूच्या वाटेवरचा दगड

मी गाणे शिकवणारा माणूस. सायकलशी माझा संबंध शिकवणीला जाण्यायेण्यापुरता. तेव्हा युरोपातल्या एका सायकलपटूचे चरित्र सांगायला मी बसलो हे पाहून वाचकांस नवल वाटेल. पण ज्या प्रश्नाने मला या माणसाकडे ओढले, तो आपल्या बैठकीतल्या श्रोत्यालाही परका नाही. ज्याच्यावर आपण जीव टाकला, ज्याला भरभरून दाद दिली, त्याच्या करामतीत औषधाचाही वाटा होता असे मागाहून कळले, तर त्या दिलेल्या दादेचे काय करायचे? ती परत घेता येते काय? टॉम सिंप्सन या इंग्रज सायकलपटूच्या चाहत्यांपुढे हा प्रश्न १९६७ साली उभा राहिला आणि तो अजून पुरता सुटलेला नाही.

टॉमचा जन्म ३० नोव्हेंबर १९३७ रोजी इंग्लंडच्या उत्तरेकडील डरहॅम परगण्यात, हॅस्वेल या गावी झाला. वडील कोळशाच्या खाणीत कामाला. सहा भावंडांत टॉम सर्वांत धाकटा. पुढे हे कुटुंब नॉटिंगहॅमशायरमधील हारवर्थ येथे राहावयास आले. तेही खाणीचेच गाव. शाळकरी वयातच टॉम गावच्या सायकल क्लबात जाऊ लागला. अंगाने तो इतका किडकिडीत होता, की इटलीचा महान सायकलपटू फाउस्तो कोप्पी याचे नाव क्लबातल्या मंडळींनी थट्टेने त्याला चिकटवले होते. पण थट्टेतले हे नाव पोराने मनावर घेतले. १९५६ साली मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये सांघिक पाठलागाच्या शर्यतीत त्याने ब्रिटिश संघातून कांस्यपदक मिळवले, तेव्हा तो अवघा १९ वर्षांचा होता. १९५८ साली कार्डिफच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याला वैयक्तिक पाठलागात रौप्यपदक मिळाले.

इंग्लंडात मात्र रस्त्यावरच्या सायकल शर्यतीवर पोट भरणे त्या काळी दुरापास्त होते. ज्याला या विद्येत नाव काढायचे, त्याने फ्रान्स, बेल्जम किंवा इटली गाठावी. ख्यालाचा ध्यास घेतलेला मुलगा जसा घर सोडून गुरूच्या गावी जाई, तसाच हा प्रकार. १९५९ साली टॉम साठवलेले १०० पौंड आणि सायकली घेऊन फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात सां ब्रियो या गावी जाऊन राहिला. त्याच वर्षी तो व्यावसायिक झाला. पुढे हेलन या इंग्रज मुलीशी त्याचे लग्न झाले, दोन मुली झाल्या आणि बेल्जममधल्या घेंट शहरात त्याने बिऱ्हाड केले. माणूस हजरजबाबी, नकलाकार, लोकांत मिसळणारा. फ्रेंच छायाचित्रकारांसाठी डोक्यावर गोल टोपी, हातात छत्री असा अस्सल इंग्रज साहेबाचा वेष करून तो उभा राही, आणि वाचकांना ते फार आवडे.

केवळ वेषाने मात्र कोणी मोठा होत नाही. १९६१ साली त्याने बेल्जममधील फ्लँडर्सची मानाची शर्यत जिंकली. १९६३ मध्ये बोर्दो ते पॅरिस ही साडेपाचशे किलोमीटरांहून लांब शर्यत, १९६४ मध्ये मिलान ते सान रेमो, आणि ५ सप्टेंबर १९६५ रोजी स्पेनमधील सान सेबास्तियान येथे जर्मनीच्या रूडी आल्टिगला अखेरच्या धावेत मागे टाकून रस्त्यावरच्या शर्यतीचे विश्वविजेतेपद! व्यावसायिकांमध्ये हा मान मिळवणारा तो पहिला ब्रिटिश. त्याच वर्षी त्याने इटलीतील लोंबार्दीची शर्यत जिंकली आणि मायदेशी बी.बी.सी.ने वर्षातील श्रेष्ठ क्रीडापटू म्हणून त्याचा गौरव केला. खाणकामगाराच्या पोराने युरोपच्या दरबारात जाऊन मानाची पगडी आणली, असेच त्याच्या गावकऱ्यांना वाटले असणार.

एक गोष्ट मात्र राहिली होती. टूर द फ्रान्स ही या खेळातली सर्वांत मोठी शर्यत. सुमारे तीन आठवडे रोज एक टप्पा, सपाट प्रदेश, आल्प्स, पिरेनीज, ऊन आणि पाऊस. आणि एकूण वेळात जो आघाडीवर असेल त्याच्या अंगावर पिवळी जर्सी. १९६२ साली सिंप्सनने ही पिवळी जर्सी एक दिवस अंगावर घातली. ती घालणाराही तो पहिलाच ब्रिटिश. त्या वर्षी तो सहावा आला. त्यापुढे त्याला कधी मजल मारता आली नाही. १९६६ च्या आरंभी बर्फावर घसरण्याचा खेळ खेळताना त्याचा पाय मोडला आणि ते वर्ष फुकट गेले. १९६७ च्या मार्चमध्ये पॅरिस ते नीस ही शर्यत जिंकून तो पुन्हा उभा राहिला. वय २९. सायकलपटूच्या कमाईची वर्षे थोडी असतात हे तो जाणून होता. त्या उन्हाळ्यातील टूरमध्ये काही करून दाखवलेच पाहिजे, असे त्याने मनाशी धरले होते.

आता जी गोष्ट चाहत्यांना दिसत नव्हती, ती सांगावयास हवी. या धंद्यात औषधे फार जुनी. १९२४ साली पेलिसिए बंधूंनी टूर अर्ध्यावर सोडली आणि आल्बेर लोंद्र या पत्रकारापुढे आपल्या पिशव्यांतले कोकेन, क्लोरोफॉर्म आणि गोळ्या काढून दाखवल्या. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना व वैमानिकांना जागे ठेवण्यासाठी ॲम्फेटामिनच्या गोळ्या देत असत. युद्ध संपले आणि त्या गोळ्या शर्यतीत आल्या. खुद्द कोप्पीने आणि पुढे पाच वेळा टूर जिंकणाऱ्या फ्रान्सच्या जाक आंकेतिलने आपण अशी औषधे घेत असल्याचे लपवले नाही. तेव्हा ते शर्यतीच्या आतल्या लोकांना ठाऊक होते, पत्रकारांना ठाऊक होते. रस्त्याच्या कडेला सहा सहा तास मुलाबाळांसह ताटकळणाऱ्या प्रेक्षकांतल्या पुष्कळांच्या कानावरही कुजबुज आली असेल. पण कुजबुज ऐकणे आणि ती खरी मानणे यात अंतर असते.

१९६५ साली फ्रान्सने उत्तेजक द्रव्यांविरुद्ध कायदा केला. १९६६ च्या टूरमध्ये बोर्दो येथे पहिल्यांदा खेळाडूंची तपासणी झाली, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून सायकलीवरून उतरून निषेध केला. आपल्या इभ्रतीवर घाला आला, असा त्यांचा सूर होता. वास्तविक ती तपासणी त्यांच्या जिवासाठीच होती, हे पुढच्याच वर्षी दिसायचे होते. सिंप्सनच्याही बाबतीत पडदा थोडा हलला होता. विश्वविजेता झाल्यावर एका इंग्रजी वृत्तपत्रात त्याच्या नावाने लेखमाला आली. तिच्यात धंद्यातल्या आतल्या गोष्टी बाहेर आल्या म्हणून सोबतचे खेळाडू त्याच्यावर नाराज झाले. चाहत्यांनी तो पडदा पुरता बाजूला केला नाही. त्यांना आपला टॉम जसा होता तसाच हवा होता.

१३ जुलै १९६७. टूरचा तेरावा टप्पा, मार्सेय ते कार्पांत्रा, २११ किलोमीटर. आणि वाटेत मों व्हाँतू. हा डोंगर १,९०० मीटरांहून उंच. खालच्या चढावर झाडी आहे, पण माथ्याकडे नुसता पांढरा चुनखडीचा खडक. तिथे ऊन वरून पडते आणि खालूनही परतते. याच डोंगरावर १९५५ साली झां मालेजाक हा फ्रेंच खेळाडू बेशुद्ध पडला होता आणि टूरचे वैद्य डॉ. पियेर द्युमा यांनी त्याला कसेबसे शुद्धीवर आणले होते. म्हणजे इशारा १२ वर्षे आधीच मिळाला होता.

सिंप्सन त्या सकाळी एकूण क्रमवारीत सातवा होता. आल्प्समध्ये त्याचे पोट बिघडले होते आणि अंगातले त्राण गेले होते. त्या काळी शर्यतीत पाणी मोजून मिळे. खेळाडू वाटेतल्या उपाहारगृहात घुसून हाती लागेल ती बाटली उचलीत. तशीच एका सहकाऱ्याने आणलेली ब्रँडीही त्या दिवशी त्याच्या पोटात गेली. चढावर तो आघाडीच्या खेळाडूंमागे पडला, रस्त्यावर इकडून तिकडे झोकांड्या देऊ लागला आणि कोसळला. संघाचा यांत्रिक हॅरी हॉल याने आता पुरे असे सुचवले, पण टॉमला पुढे जायचे होते. त्याला पुन्हा सायकलीवर बसवले. काहीशे वार जाऊन तो दुसऱ्यांदा पडला, तो पुन्हा उठला नाही. माथा जेमतेम दीड किलोमीटरवर होता. डॉ. द्युमांनी रस्त्यातच उपचार केले, हेलिकॉप्टरने त्याला आव्हिन्योंच्या रुग्णालयात नेले, आणि सायंकाळी ५ वाजून ४० मिनिटांनी तो मृत असल्याचे जाहीर झाले.

त्याच्या जर्सीच्या मागच्या खिशात तीन नळ्या सापडल्या. दोन रिकाम्या, एक अर्धी. नळ्या ॲम्फेटामिनच्या होत्या. द्युमांनी दफनाच्या परवान्यावर सही करण्याचे नाकारले आणि शवविच्छेदन झाले. हे औषध थकवा घालवीत नाही. थकल्याची वर्दी मेंदूला पोचू देत नाही. घोड्याला फेस आला तरी लगाम खेचण्याची बुद्धी होऊ नये, तशी स्थिती. शिवाय ते अंगातली उष्णता वाढवते आणि ती बाहेर पडू देत नाही. त्यात पोट बिघडून आटलेले पाणी, ब्रँडी, व्हाँतूचे ऊन आणि माणसाचा मूळचा हट्टी स्वभाव. एवढे सगळे एकत्र आल्यावर हृदय बंद पडले.

दुसऱ्या दिवशी खेळाडूंनी आपसांत न झगडता एका ब्रिटिश गड्याला, बॅरी होबनला, पुढे जाऊ दिले. हारवर्थच्या अंत्ययात्रेला हजारो माणसे लोटली. पेजोच्या संघातला त्याचा तरुण सहकारी, बेल्जमचा एडी मर्क्स, तिथे मुद्दाम आला होता. इकडे सिंप्सनच्या मुखातले अखेरचे शब्द म्हणून एक वाक्य जगभर पसरले. आपल्याला परत सायकलीवर बसवा, अशा अर्थाचे. पुढे उघड झाले, की ते एका इंग्रज पत्रकाराच्या लेखणीतून उतरले होते आणि तो त्या क्षणी त्या जागी नव्हता. जुलै संपता संपता एका इंग्रजी दैनिकाने नळ्यांची हकीगत छापली आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात फ्रेंच अधिकाऱ्यांनी शवविच्छेदनाचा निष्कर्ष सांगितला.

या दोन बातम्यांचे पुढे काय झाले हे पाहण्यासारखे आहे. बनावट वाक्य लोकांच्या तोंडी अमर झाले; खऱ्या नळ्यांचा उल्लेख मात्र लोक आवाज खाली आणून करीत. वीराला शोभेल असे वाक्य चाहत्यांनी उराशी धरले. सिंप्सनला पुढे जायचे होते हे तर खरेच होते. त्यासाठी रचलेल्या वाक्याची गरज नव्हती. पण ज्या औषधाने त्याची पुढे जाण्याची इच्छा शरीराच्या मर्यादेपलीकडे ताणली, ते कथेतून वगळले की उरते ते निव्वळ शौर्य. मरणाचे शौर्य झाले की कोणी कोणाला जाब विचारीत नाही.

हे वाचून आपण युरोपातल्या लोकांना हसू नये. आपल्याकडेही अमुक बुवा अफूची गोळी घेतल्यावाचून बैठकीला बसत नसत, तमुक खाँसाहेब प्याल्यावाचून रंगत नसत, अशा कथा आपण मिटक्या मारीत सांगतो. त्या गोळीने आणि त्या प्याल्याने किती वर्षांचे गाणे खाल्ले, याचा हिशेब कथेत नसतो. दरबारी गवयांच्या घरात असल्या कथा ऐकतच मी वाढलो, आणि त्या सांगणाऱ्याच्या डोळ्यांतले कौतुक मला चांगले आठवते.

तरीही गाण्याच्या श्रोत्याला एक सोय आहे. बैठकीत तंबोरा अखंड वाजत असतो. गवई कोणत्याही स्थितीत गात असो, सूर लागला की नाही हे त्या षड्जाशी ताडून त्याच क्षणी कळते. तिथे श्रोत्याचा विश्वास त्याच्या स्वतःच्या कानावर असतो. रस्त्यावरच्या शर्यतीला असा तंबोरा नाही. प्रेक्षक दिवसभर उन्हात उभा राहतो, खेळाडूंचा थवा अर्ध्या मिनिटात समोरून निघून जातो, आणि पाहिले ते किती शरीराचे, किती औषधाचे हे डोळ्याला कळण्याचा मार्ग नसतो. म्हणून त्याला परक्याच्या शब्दावर भिस्त ठेवावी लागते: तपासणाऱ्या वैद्याच्या, संघाच्या, पत्रकाराच्या. यांतल्या एकानेही डोळेझाक केली तर प्रेक्षकाची फसवणूक होते, आणि त्याहून मोठी फसवणूक होते ती औषधाला न शिवता विसावा येऊन गावी परतलेल्या खेळाडूची. त्याचे तर नावही आपल्याला माहीत नसते.

१९६८ पासून टूरमध्ये नियमाने तपासणी सुरू झाली खरी, पण औषधे तपासणीच्या पुढे धावत राहिली. ८ जुलै १९९८ रोजी फेस्तिना संघाच्या गाडीत औषधांचा साठा सीमेवर सापडला. त्या काळचे मुख्य औषध म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवणारे ई.पी.ओ. ते मूळचे शरीरातच तयार होणारे द्रव्य असल्याने बाहेरून घेतलेले ओळखण्याची भरवशाची चाचणी २००० साल उजाडेपर्यंत नव्हती. १९९९ च्या टूरमध्ये क्रिस्तोफ बासों या फ्रेंच खेळाडूने वृत्तपत्रातून या प्रकाराबद्दल लिहिले, तर सहकाऱ्यांनी त्याला वाळीत टाकले आणि त्याला शर्यत सोडावी लागली. ती शर्यत जिंकणाऱ्या लान्स आर्मस्ट्राँगने पुढे २००५ पर्यंत ओळीने सात टूर जिंकल्या आणि २०१२ साली ती सातही विजेतेपदे काढून घेण्यात आली. त्या सात वर्षांच्या विजेत्याच्या रकान्यात आज कोणाचेच नाव नाही.

विश्वास एकदा असा उडाला की त्याची झळ खऱ्यालाही लागते. २०१३ साली ख्रिस फ्रूम या ब्रिटिश खेळाडूने त्याच व्हाँतूवरचा टप्पा जिंकला, तेव्हा अभिनंदनापाठोपाठ संशयाचे प्रश्न आले. २०१५ साली एका प्रेक्षकाने शर्यत चालू असताना त्याच्या अंगावर मूत्र फेकले. औषधाचा कोणताही गुन्हा त्याच्यावर तेव्हा शाबीत नव्हता आणि पुढेही झाला नाही. आंधळा विश्वास आणि आंधळा संशय ही एकाच घरची भावंडे. दोघांनाही पुराव्याची वाट पाहण्याचा धीर नसतो.

सिंप्सन जिथे पडला तिथे, माथ्याखालच्या उघड्या खडकावर, १९६८ साली त्याचे स्मारक उभे राहिले. एका इंग्रजी सायकल नियतकालिकाच्या वाचकांनी वर्गणी काढून ते बांधले. शिळेवर त्याचे पदक, त्याचे विश्वविजेतेपद आणि त्याने देशाचा वाढवलेला लौकिक यांची नोंद आहे. नळ्यांचा उल्लेख नाही. १९७० च्या टूरमध्ये व्हाँतू चढताना आघाडीवर असलेल्या मर्क्सने तिथे डोक्यावरची टोपी काढली. तोही त्या दिवशी इतका दमला, की माथ्यावर पोचल्यावर त्याला प्राणवायू द्यावा लागला. आजही देशोदेशींचे हौशी सायकलवाले तिथे उतरतात आणि पाण्याची बाटली, टोपी, एखादा दगड ठेवून पुढे जातात. घाटातल्या म्हसोबापुढे आपला वाटसरू दगड ठेवतो, तसेच ते दिसते.

त्या लोकांना नळ्यांची गोष्ट ठाऊक नसते असे नाही. तिथे थांबणाऱ्याला ती बहुधा पाठच असते. तरी ते पाण्याची बाटली ठेवतात. आणि पाणी मोजून मिळण्याच्या काळात, तहानेने कोरड्या पडलेल्या माणसापुढे ठेवायला दुसरी कोणती वस्तू अधिक योग्य आहे? मला वाटते, आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. दिलेली दाद परत घेता येत नाही, घेऊही नये. ती ज्या क्षणी दिली त्या क्षणी खरी होती. सान सेबास्तियानच्या रस्त्यावरची ती धाव कोणी पुसू शकत नाही. पण त्यानंतर सत्य कळल्यावर तोच प्रसंग पुन्हा सांगायचा तर तो पुरा सांगितला पाहिजे. चाहत्याने मृताचे अर्धे चरित्र लपवले, तर उद्या त्या चढावर येणाऱ्या पोराच्या खिशात नळ्या कोणी घातल्या हे विचारण्याचा त्याचा हक्क जातो.

माझ्या वर्गातल्या मुलांपुढे कधी स्पर्धेची, बक्षिसाची, काहीही करून पुढे जाण्याची गोष्ट निघाली, की मी त्यांना हारवर्थच्या त्या किडकिडीत पोराची हकीगत सांगतो. ऑलिंपिकचे पदक सांगतो, पिवळी जर्सी सांगतो, व्हाँतू सांगतो. ते बनावट वाक्य तेवढे गाळतो, आणि तिन्ही नळ्या सांगतो.